ज्याला जे येतं ते सोडून

टाचणीबाईंचं हे नाव आपणच ठेवलं असं सांगणारे गल्लीत बरेच आहेत, पण कारण सगळे एकच सांगतात. डाव्या खांद्याशी टाचण्यांची रांग खोचलेली आणि आणखी दोन-तीन कायम ओठांत धरलेल्या. त्यामुळे बाई बोलायच्या त्या दात न उघडता, आणि बोललेलं नेमकं जिथे लागायचं तिथेच लागायचं.

जिन्याखालच्या खोलीत त्यांचं अल्टरेशनचं दुकान होतं. पँट आखूड करून द्यायची, चेन बदलायची, पोट सुटलेल्या गिऱ्हाइकाला तसं न म्हणता कंबर सैल करून द्यायची. नवं काही शिवायचं नाही, दुसऱ्याने बिघडवलेलं सरळ करायचं, असा हा धंदा. स्वभावही त्याच मापाचा होता. शाळेत असताना शिवणाच्या बाईंनी एकदा सगळी शिवण उसवून पुन्हा घालायला लावली होती. ती घालून, शाबासकी घेऊन ही मुलगी घरी आली आणि मनासारखी झाली नाही म्हणून पुन्हा उसवत बसली. पुढे लग्न झालं ते शाळेची बस चालवणाऱ्या एका शांत माणसाशी. या माणसाला दिवसभर पोरांचा इतका गोंगाट ऐकावा लागायचा की संध्याकाळी तो घरात पाहुण्यासारखा गप्प बसायचा. बाईंना ते सोयीचं होतं. दोघांपैकी एकाच्याच तोंडात टाचण्या असल्या तरी शांत दोघंही असायचे.

बोलायचं काम नवऱ्याच्या थोरल्या बहिणीने घेतलं होतं. वन्सं गाणं शिकवायच्या. अर्ध्या गावाला त्यांनी सूर शिकवला होता आणि उरलेल्या अर्ध्याला तुझ्या गळ्यात सूर नाही हे तोंडावर सांगितलं होतं. गावातल्या कलामंडळाच्या अध्यक्ष त्याच. लग्नानंतर महिना उलटायच्या आत त्यांनी भावजयीला हाताला धरून मंडळात नेलं आणि सगळ्यांना सांगितलं, "आपल्याकडे शिवणारं माणूस नव्हतं, ते आता झालं." त्या दिवसापासून बाईंनी मंडळात राजाचे झगे शिवले, राक्षसाच्या शेपट्या शिवल्या, पडदे शिवले आणि फाटल्यावर पुन्हा शिवले. तुला इथे काय करायला आवडेल, हे कुणी विचारलं नाही. बाईंनीही ते मनावर घेतलं नाही, कारण तसं विचारायची तिथे पद्धतच नव्हती.

मंडळाची जागा म्हणजे लाकडाच्या वखारीवरचा लांबलचक हॉल. रस्त्याच्या बाजूला मोठ्या खिडक्या, आत बुटकं स्टेज, आणि खालून वर येणारा भुशाचा वास. गाणाऱ्यांना त्या भुशाने शिंका यायच्या, म्हणून वन्सं प्रत्येक गाण्याआधी सगळ्यांना एकदा शिंकून घ्यायला लावत. जागा वखारवाल्या काकांची. भाडं नव्हतं. काका रस्त्यापलीकडे राहायचे आणि संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. त्यांची अट एकच: संध्याकाळी वर दिवा दिसला पाहिजे. "अंधारी जागा मला बघवत नाही," असं ते म्हणायचे. त्यांच्या त्या मोठ्या घरात ते एकटेच राहतात हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे पुढचं कुणी विचारायचं नाही.

कार्यवाहपद बाईंकडे आलं तेही असंच. आधीचे कार्यवाह बदली होऊन गेले. सभेत वन्संनी एकेकाकडे बघितलं, आणि ज्याच्याकडे बघितलं तो अडचणी सांगू लागला. बाईंकडे नजर आली तेव्हा त्या राणीच्या साडीचा काठ टाचत होत्या. नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं, आणि तोंडात टाचण्या होत्या.

पद मिळाल्यावर बाईंना पहिल्यांदा मंडळ दिसलं, म्हणजे शिवणाच्या बाहेरचं. पैशाचा डबा हलवला तर वाजायचा, इतकी त्यात जागा होती. त्याबद्दल बाईंची तक्रार नव्हती, कारण फाटक्यात भागवणं हा त्यांचा धंदाच होता. पण माणसं येईनाशी झाली होती. कागदावर भरपूर होती. वायरमन दिव्यांसाठी, दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर देखाव्यांसाठी, बँकेतले साहेब खजिनदार. प्रत्येकजण भेटला की येतो म्हणायचा, आणि संध्याकाळी कुणाला काम निघायचं, कुणाची पाठ धरायची. आठवड्यातल्या बहुतेक संध्याकाळी वर अंधार असायचा.

मग काकांचा निरोप आला. टायरच्या एका व्यापाऱ्याला गोदामासाठी जागा हवी होती. जागा रिकामीच राहणार असेल, तर निदान टायर तरी राहतील, असं काकांचं म्हणणं होतं.

यावर मंडळाने जो तोडगा काढला तो याच मंडळाला सुचू शकतो. अट दिव्याची होती ना, मग दिवा दिसेल. कल्पना खजिनदारांची, अंमलबजावणी वायरमनची. त्याने खिडकीजवळच्या दिव्याला टायमर बसवला. संध्याकाळी आपोआप लागेल, जेवणाच्या वेळेला आपोआप विझेल. वन्संनी होकार दिला. बाईंनीही मान डोलावली, हे लपवण्यात अर्थ नाही. फार तर त्यांना टायमरची पट्टी वाकडी बसलीय असं वाटलं, आणि तेवढं त्यांनी बोलून दाखवलं.

काही दिवस छान गेले. मंडळ घरी बसून चालू लागलं.

एका संध्याकाळी बाई विसरलेली कात्री आणायला वर गेल्या. दिवा लागलेला होता. त्याच्याखाली खुर्चीवर वखारवाले काका बसले होते, गुडघ्यावर हात ठेवून, जणू तिकीट काढून आलेत. बाईंनी दारातच टाचण्या तोंडातून काढल्या. असं त्या फक्त दवाखान्यात करायच्या.

"या बाई," काका म्हणाले. "तालीम बघतोय. बल्बचं पाठांतर चोख आहे. रोज ठरल्या वेळेला येतो, ठरल्या वेळेला जातो. तुमच्या एकाही माणसाला हे जमलं नव्हतं, म्हणून तर मला शंका आली."

बाईंनी हातातल्या टाचण्या एकेक करून खांद्याला खोचल्या.

काका उठले. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं, पण ते हळूच म्हणाले, "मी दिवा मागितला होता तो काय विजेचं बिल वाढावं म्हणून? वर माणसं आहेत एवढं कळावं म्हणून मागितला होता." मग जिन्याशी थांबून त्यांनी सांगून टाकलं. वार्षिक कार्यक्रमापर्यंत वाट बघणार. तोवर रोज संध्याकाळी वर खरी माणसं दिसली तर ठीक, नाहीतर कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी किल्ली टायरवाल्याकडे.

ते गेल्यावर बाईंनी स्टुलावर चढून टायमर उपटला. भिंतीचा पोपडाही निघाला. घरी जाऊन त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "जागा जाऊ देणार नाही." नवऱ्याने मान हलवली. सतरा पोरांच्या बसमध्ये पुढे बसून मागचं भांडण कुणी सुरू केलं हे त्याला आवाजावरून कळायचं; हा आवाज बाईंचा कापडात कात्री घालण्याआधीचा होता हेही त्याला कळलं.

दुसऱ्या दिवसापासून बाई दुकान दुपारी बंद करून माणसं गाठायला निघाल्या. पहिला वायरमन. तो एका नव्या बंगल्यात शिडीवर होता, डोकं छताच्या भोकात. बाई शिडीखाली उभ्या राहिल्या. पाठ दुखते, वेळ मिळत नाही, बायकोची बहीण आलीय, अशी कारणं वरून एकेक पडत राहिली. बाई हलल्या नाहीत. शेवटी कारणं संपली तेव्हा तो भोकातूनच म्हणाला, "ताई, राग मानू नका. दिवसभर मी तारा ओढतो. संध्याकाळी तिकडे येऊनही ताराच ओढायच्या? मग इथंच ओव्हरटाइम करीन की."

"मग मंडळात आलास कशाला?"

भोकातून आवाज आला तो अगदी बारीक. "गाता येईल वाटलं होतं. पहिल्या दिवशी तुमच्या वन्संनी विचारलं काय करतोस, मी म्हटलं वायरमन आहे. झालं, त्यांनी फ्यूज दाखवला."

बाई तिथून निघाल्या त्या सरळ पेंटरकडे. तो एका औषधाच्या दुकानाची पाटी रंगवत होता. त्याला त्यांनी फिरवाफिरवी न करता तेच विचारलं. पेंटर म्हणाला, आपल्याला देखावे रंगवायचे नाहीत. दिवसभर रस्त्याकडे पाठ करून उभं राहावं लागतं, मागून अख्खं गाव जातं आणि दिसते फक्त भिंत. "मला दारात उभं करा. आलेल्या माणसांची तोंडं बघीन. या म्हणेन, बसा म्हणेन." खजिनदारांनी बँकेच्या काउंटरमागून इकडेतिकडे बघून कुजबुजत सांगितलं, हाताने केलेली, डोळ्यांना दिसणारी एखादी तरी वस्तू आपल्या नावावर असावी. विणकाम, शिवण, काहीही. बायको सुईला हात लावू देत नाही.

घरी येताना बाईंना स्वतःच्याच डोक्यात टपली मारावीशी वाटली. माणूस दारात आला की मंडळ त्याला विचारायचं, तुला काय येतं. आणि जे ऐकून घ्यायचं तेच त्याच्या गळ्यात बांधायचं. फुकट काम करायला आलेल्या माणसाला आपण त्याचंच काम फुकटात करायला लावत होतो. तो पळेल नाहीतर काय.

सभा त्यांनी स्वतः बोलावली आणि टाचण्या घरी ठेवून आल्या, त्यामुळे काहीतरी गंभीर आहे हे सगळ्यांना आधीच कळलं. नियम तीन वाक्यांचा होता. ज्याला जे येतं ते त्याने इथे करायचं नाही. त्याने दुसऱ्याला तोंडाने सांगायचं, पण हात लावायचा नाही. हात मागे बांधून उभं राहायचं.

वन्संनी चष्मा काढला. "म्हणजे मी गायचं नाही?"

"नाही वन्सं. सांगायचं फक्त."

"आणि गाणार कोण?"

"वायरमन."

वन्संनी वायरमनकडे असं बघितलं की तो बसल्या जागी अर्धा झाला. "अगं, हा बोलतो तेच बेसूर."

"तुम्हाला वेळ आहे की सुधारायला. कार्यक्रमापर्यंत आहे. आणि नाही सुधारला तर पुढच्या वर्षी इथे टायर गातील."

वन्सं भावजयीला आजवर बरंच काही बोलल्या होत्या, पण भावजय त्यांना पहिल्यांदाच बोलत होती. त्या उठून खिडकीशी गेल्या. तिथूनच, कुणाकडे न बघता म्हणाल्या, "मग दिव्यांची बटणं मी घेणार. जन्मभर माणसांना वळण लावलं. बटण निदान उलट उत्तर तरी देत नाही." खजिनदारांनी हिशेबाचं कोण बघणार असं विचारलं. बाईंचा नवरा कोपऱ्यात बसला होता. तो म्हणाला, "डब्यात काही असतं तर अवघड होतं. मी बघतो."

आता यात एक गंमत झाली, जी बाईंनी आधी धरलीच नव्हती. ज्याला काम येत नाही त्याला ते करायला तिप्पट वेळ लागतो. वायरमनला एक ओळ बसवायला आठवडा गेला. वन्संनी पहिल्याच दिवशी सगळे फ्यूज उडवले आणि वायरमन हात मागे बांधून, कपाळाला आठ्या घालून, कोणता खटका कुठला हे सांगत राहिला. स्वतः केलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. नवऱ्याने देखाव्याला झाड रंगवलं, ते बसला धडकल्यासारखं दिसत होतं, आणि पेंटर शेजारी हात मागे बांधून मान हलवत होता. एक दिवस चुकलेलं दुसऱ्या दिवशी सुधारायला माणसं आपणहून येऊ लागली. चुकतंय कसं हे बघायला त्यांच्या बायका, भाऊ, शेजारी येऊ लागले आणि बघता बघता कशाला तरी हात लावू लागले. वर रोज दिवा. समोरच्या गॅलरीतून काकांना खिडक्यांत हात मागे बांधलेली माणसं ओळीने दिसायची. पोलीस चौकशी चाललीय का, असं त्यांनी एकदा खालच्या हमालाला विचारल्याचं कळलं. वर मात्र ते आले नाहीत.

सगळ्यांचं चाललं होतं, अडत होतं ते बाईंचंच. नवा पडदा खजिनदार शिवत होते. जुन्या चादरी जोडून केलेला, काळ्या रंगात बुडवलेला. खजिनदार जीभ बाहेर काढून, एकेका टाक्याला नमस्कार करावा तसं वाकून शिवायचे. तरी टाके असे पडायचे की गोगलगायीने रस्ता चुकून पुन्हा पुन्हा विचारावा. बाई हात मागे बांधून उभ्या राहायच्या. एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलेलं, नखं रुतलेली. "दोरा ओढू नका, नुसता बसू द्या," एवढंच म्हणायच्या, आणि बाकीचं गिळायच्या.

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी त्यांचा धीर सुटला. इस्त्री करून आणते म्हणून पडदा त्यांनी घरी आणला, दार लोटलं आणि वरची दुमड मशीनच्या सुईखाली सरकवली. फक्त एकच कड. कुणाला कळणार होतं? पाय मशीनच्या पायडलवर ठेवला आणि मान वर केली, तर दारात नवरा. दुपारची फेरी संपवून आला होता. त्याने बसची किल्ली खुंटीला लावली, बाईंच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि दोन्ही हात मागे बांधले.

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. "तुला काय कळतंय त्यातलं," त्या म्हणाल्या. तो तसाच उभा. मग त्यांनी पडदा सुईखालून ओढून काढला, दणादण इस्त्री केली, आणि खांद्याच्या टाचण्यांची रांग काढून एका डबीत भरली. संध्याकाळी ती डबी त्यांनी खजिनदारांच्या हातात ठेवली, म्हणजे आपल्या हाताजवळ ती राहायला नको.

कार्यक्रमाचं बोलावणं करायला त्या स्वतः काकांकडे गेल्या होत्या. काका म्हणाले होते, "मी गॅलरीतूनच बघेन. मला दिवा दिसला म्हणजे झालं."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हॉल भरला. पेंटर दारात उभा राहून प्रत्येकाला या-बसा म्हणत होता, आणि एकाच माणसाला दोनदा म्हणायची वेळ आली तरी तितक्याच आनंदाने. वन्सं बटणांसमोर ताठ बसल्या. सुरुवात करायची तर हॉलमधले दिवे घालवायला हवेत, ते त्यांनी बरोबर घालवले. स्टेजवरचा एक बारका दिवा तेवढा उरला. सगळं ठरल्याप्रमाणे. फक्त ठरवताना एक गोष्ट कुणाच्याही डोक्यात आली नव्हती, ती ही, की रस्त्यापलीकडे एक माणूस खिडक्यांकडे डोळे लावून बसलाय आणि त्याला आता मिट्ट अंधार दिसतोय.

वायरमन पुढे झाला. पहिली ओळ त्याने घेतली ती वन्संना हवी तशी, आणि दुसऱ्या ओळीला पडदा बिघडला. खजिनदारांची दुमड खिळ्याला अडकून टरटर उसवली, डावीकडची कड खाली आली, आणि विंगेत पाणी पीत उभा असलेला राजा लोकांना दिसू लागला. बाईंचा हात आपोआप खांद्याकडे गेला. खांद्यावर काही नव्हतं. कड उचलून धरावी तर त्यांचे दोन्ही हात दुसऱ्या बाजूच्या दोरीत गुंतलेले.

तेवढ्यात वखारीच्या मागच्या जिन्याने पावलं वाजली. काका धापा टाकत विंगेत आले. "दिवा का घालवलात? मी तुम्हाला सांगितलं होतं ना—"

"काका, हे धरा," बाई म्हणाल्या.

"काय?"

"ही कड. वर. आणखी वर. आणि गप्प उभे राहा, गाणं चाललंय."

काकांना आयुष्यात कुणी असं सांगितलं नसावं, कारण त्यांनी लगेच ऐकलं. कड धरून, हात उंच करून ते उभे राहिले. त्यांच्या जागेवरून वायरमनची पाठ दिसत होती आणि त्याच्या पलीकडे अंधारात माणसंच माणसं, भिंतीपर्यंत. वायरमनचा आवाज मधे फाटला. त्याने ओळ पुन्हा घेतली, या वेळी पहिल्यापेक्षा चांगली. वन्संनी खूश होऊन भलतंच बटण दाबलं, आणि प्रकाश गाणाऱ्याऐवजी पडद्याच्या कडेवर पडला. पडदा धरलेला एक म्हातारा हात अख्ख्या हॉलला दिसला. लोक हसले. हात हलला नाही. गाणं संपलं, नाटक झालं, झाडाने शेवटच्या प्रवेशात मान टाकली, तरी काकांनी कड सोडली नाही. मधे बाईंनी हात मोकळे झाल्यावर घेऊ का असं खुणेने विचारलं, तर त्यांनी मान हलवली.

माणसं पांगल्यावर काका स्टेजच्या कडेला बसून दंड चोळत होते. "ही शिवण कुणाची?" त्यांनी विचारलं.

"माझी," खजिनदार म्हणाले. मंडळात आजवर कुणी कशाची कबुली इतक्या अभिमानाने दिली नव्हती.

"भिकार आहे."

"हो ना," खजिनदार म्हणाले. "उद्या पुन्हा घालणार."

काका बाईंकडे बघून म्हणाले, "उद्या मी किती वाजता येऊ? पण आधीच सांगतो. स्टेजला फळ्या आणा, खांब आणा, असलं लाकडाचं मला काही सांगायचं नाही."

"लाकडाचं तुम्हाला येतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही नुसतं सांगायचं. हात मागे."

काकांनी हे पटल्यासारखी मान डोलावली. टायरवाल्याला काय सांगायचं, असं त्यांनी मग स्वतःशीच विचारल्यासारखं विचारलं. पेंटर अजून दारातच उभा होता, शेवटचा माणूस गेला तरी त्याला दार सोडवत नव्हतं. तिथून तो म्हणाला, "त्यालाही घेऊन या की. त्याला काय येत नाही ते विचारू."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वर दिवा होता. खजिनदार उसवलेली दुमड मांडीवर घेऊन बसले होते, जीभ बाहेर. पहिला टाका वाकडा पडला. टाचणीबाईंनी तो पाहिला, एकदा खिडकीबाहेर काकांच्या रिकाम्या गॅलरीकडे पाहिलं, आणि मागे बांधलेल्या हाताने मनगट जरा घट्ट धरलं.